चन्नप्पाची सावली

...आणि वर लोक मलाच विचारायचे, "रुद्रप्पा, तुमच्या अंगणात फूल कसं नाही हो?" अहो, फूल लांबच राहिलं, माझ्या मोगऱ्याला कळी धरत नव्हती कळी! आठ वर्षं! आणि हे कुठं, तर सोलापुरात! जिथं एप्रिलात गार पाण्याच्या नळाला चहाचं पाणी येतं, जिथं गाडीच्या सीटवर बसायच्या आधी माणूस देवाचं नाव घेतो, तिथं माझ्या झाडांना ऊन मिळत नव्हतं... हसताय? हसा. सगळे हसतात. "सोलापुरात ऊन कमी पडतंय का हो?" पडतंय! जुळे सोलापुरात, माझ्या अंगणात, पडतंय!

कारण काय? चन्नप्पा. शेजारी. तुम्हाला सांगतो, रिटायर झालो, बैठं घर बांधलं आणि कडेला बारा फूट जागा सोडली ती खास आमच्या कमलम्मासाठी. तिचा नेम आहे, लिंगपूजेला फूल पाहिजे ते आपल्या अंगणातलंच, विकतचं नाही. पहिलं वर्ष बरं गेलं. मग या चन्नप्पानं कुंपणाला खेटून तीन मजले चढवले आणि गॅलरी अशी पुढं काढली, की तिथं उभा राहून तो शिंकला की आमची तुळस ओली! माझं सगळं ऊन त्याच्या गच्चीवर गेलं. तिथं मोगरा काय, शेवंती काय... आणि रोज सकाळी दोरीला परडी बांधून खाली सोडणार, "घ्या रुद्रप्पा, देवाला दोन फुलं घ्या की! तुमच्याकडं काय येत न्हाईत..."

नाही घेतली! आठ वर्षं परडी आल्या पावली वर! माझं ऊन खाऊन मलाच फुलं देतोय? कमलम्मा म्हणायची, "साकु, पुरे झालं आता! भांडण तुमचं आणि त्याचं, त्यात देवाला का उपाशी ठेवताय?" ती बिचारी नुसत्या बेलपत्रावर भागवायची, आणि मला ते बघवायचं नाही हो. पण घेणार नाही म्हणजे नाही!

म्हणून दर वर्षी नर्सरीत. नर्सरी नागव्वाची, होटगी रोडला. ती प्रत्येक वेळी विचारायची, "सायेब, ऊन किती तास येतंय?" आता मला सांगा, हा काय प्रश्न झाला? मी छाती काढून म्हणायचो, "बाई, सोलापुरात ऊन कमी पडतंय का?" खरं कसं सांगणार? चन्नप्पानं माझं ऊन पळवलं, हे बाजारात सांगत फिरू? मग ती बिचारी गुलाब द्यायची, जास्वंद द्यायची, आणि दोन महिन्यांत त्यांच्या काठ्या व्हायच्या. मी परत जाऊन भांडायचो, "तुमची रोपंच भिकार!" शेवटी शिवरात्रीनंतर एक दिवस नागव्वाच भडकली. "चला, मीच बगती तुमचं अंगण!" आली. कमरेवर हात ठेवून वर बघत बसली.

"सायेब, ही हिरवी जाळी कशाला बांदलीय?"

आता घ्या! अहो, फेब्रुवारी सरला की अख्खं सोलापूर झाडांवर हिरवी जाळी बांधतं. मीही बांधतो. दर वर्षी. नेमानं. म्हटलं, "उन्हानं झाडं जळू नयेत म्हणून."

"पर ऊन कुटं हाय?"

...तुम्हाला सांगतो, मी मान वर करून बघितलं. चन्नप्पानं उरलंसुरलं ठेवलेलं ऊन आठ वर्षं मीच जाळी बांधून अडवत होतो! कमलम्मा पदर तोंडात कोंबून आत पळाली. आणि नागव्वा सुरू, "जाळी काडा आदी. मोगऱ्याचा नाद सोडा. सावलीत राहणारी झाडं असत्यात की! अळू लावा, नागवेल चढवा भिंतीवर, कोपऱ्यात फर्न. आन् फूल पायजे तर तगर घ्या. जरा कमी फुलंल, पर फुलंल. रुसणार न्हाय तुमच्यागत."

लावली! इरेलाच पेटलो होतो. दोन वर्षं झाली आता. अळूचं पान म्हणजे सुपाएवढं, नागवेल गॅलरीला शिवतेय, आणि तगर... पहिलं फूल आलं त्या दिवशी कमलम्मानं ते लिंगावर ठेवलं, दोन्ही हात जोडले आणि रडली हो. मी नाही रडलो. मला सर्दी होती.

आणि या मे महिन्यात? गच्चीवर चन्नप्पाचा मोगरा भाजून पापड! शेवंती तर आधीच गेलेली. सकाळी परडी खाली आली, रिकामी! "रुद्रप्पा... देवाला दोन फुलं टाका की त्यात." टाकली. मुद्दाम पाच टाकली! दुपारी खुर्ची घेऊन हजर, अळवाशेजारी बसतो, आमचं ताक पितो आणि वर म्हणतो काय, "लई गार वाटतंय हितं. पण रुद्रप्पा, सावली कुणाची? आमच्या बिल्डिंगचीच की!"

बोला!

आता तो चौथा मजला चढवतोय. गल्ली पेटलीय. हरकतीचा अर्ज काढलाय, घरोघर सह्या घेतायत. काल माझ्याकडं आले, "रुद्रप्पा, पहिली सही तुमची! दहा वर्षं तुम्हीच तर भांडताय!" पेन हातात घेतलं. अंगणात एक नजर टाकली. पेन परत दिलं.

कमलम्मा म्हणाली, "अय्यो, का हो?"

म्हटलं, "का काय का? दुपारी एक ते दीड, तिसऱ्या मजल्याच्या डोक्यावरनं अळवावर अजून ऊन येतंय की!"