आकाशाची साक्ष

माझ्या बापाइतकं बिनधास्त खोटं बोलणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल, यार. आम्ही टूरबरोबर कोरियाला गेलो, तो सगळा ग्रुप घाटकोपर-मुलुंडचा. पहिल्याच दिवशी पप्पांनी जाहीर केलं, "मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे." मी दुसऱ्याच वर्षी कॉलेज सोडलं आणि आता अंधेरीत एसी दुरुस्त करतो.

मग एके दिवशी आम्ही मानीसान नावाचा डोंगर चढलो. माथ्यावर फार जुनी दगडी वेदी आहे, आकाशाची पूजा करायला बांधलेली. मूर्ती नाही, गाभारा नाही. तरी ग्रुपमधल्या मुलुंडच्या काकूंनी बूट काढून नमस्कार केला. पप्पा धापा टाकत माझ्या कानाशी आले.

"जागृत जागा आहे ही. आकाशाला साक्षी ठेवून शपथ घे, जूनपासून परत कॉलेजला जाशील."

"घेतो की," मी मुद्दाम मोठ्याने म्हणालो. "पण आधी तुम्ही. ह्याच आकाशाला साक्षी ठेवून सगळ्यांना सांगा, मी कितव्या वर्षाला आहे."

काकू बूट घालता घालता थांबल्या. "म्हणजे काय? शेवटच्या ना रे?"

"मला कशाला विचारता काकू? पप्पांना विचारा."

सगळा ग्रुप पप्पांकडे बघायला लागला. पप्पांनी घाम पुसला, मान वर करून आकाशाकडे पाहिलं.

"ढग आलेत," ते म्हणाले. "चला, उतरू या."

आईशप्पथ सांगतो, वर एक ढग नव्हता.