जुळलं की

सौदामिनीबाईंनी भोकरच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकवून डोळे मिटले होते. मागच्या बाकावर एक मायलेक बसले होते. पोरगा बंगळुरूहून आला होता आणि त्याला घ्यायला आई नांदेडच्या स्टेशनवर आली होती.

"अश्वजित, तुझं ते क्वांटम कॉम्प्युटर कुठवर आलं?"

"जोरात चाललंय, माय. माहिती धरणाऱ्या एका नाजूक कणामागं, म्हणजे क्यूबिटमागं, हजार राखणदार क्यूबिट लागायचे. आता शंभरात भागवून राहिलो. मशीन लई लहान होतंय."

"अन् त्या नाजूकाकडं बघायचं न्हाई, हाव ना?"

"बघितलं की बिघडतंय. राखणदारांना एवढंच विचारायचं, तुमचं एकमेकांशी जुळतंय का? जुळलं की समजायचं, ठीक हाय."

"तू फोनवर सांगितलंस तवाच मला पटलं. तुझ्या बाबांचं बी आम्ही तसंच करून राहिलो. खोलीत कुणी डोकावलं की त्यांचा जीव घाबरा व्हायचा. मग दार लोटून घेतलं."

"मग कळतंय कसं?"

"भिंतीला कान लावून. पहिलं सारी गल्ली यायची. मग तुझ्यावाणीच माणसं कमी केली. ह्या भिंतीला मी, त्या भिंतीला शेजारची पंचफुला. रोज सकाळी एकमेकींना विचारतो, जुळलं का?"

"काय जुळतंय, माय?"

"खोकला. मला जेवढा ऐकू येतो तेवढाच तिला."

सौदामिनीबाईंचे डोळे उघडले, पण मान काही वळेना.

"आज सकाळी विचारलंस?"

"विचारलं की. मला काईच ऐकू आलं न्हाई. तिला बी न्हाई. जुळलं."