बाविसाव्या मजल्यावरचा आब

कृतिका : आजा, पाच मिनिटं गप्प बस ना रे! संध्याकाळपर्यंत सरांना नाव पाठवायचंय आणि एक धड शब्द सुचत नाहीये.

रघु : कसलं नाव?

कृतिका : नवीन टॉवरचं. म्हाताऱ्या माणसांसाठी स्पेशल बांधतायत, घोडबंदर रोडलाच.

रघु : आपल्या टॉवरला तुना 'ग्रँड' ठेवलंस, तसं?

कृतिका : हो. पहिली नोकरी, पहिलं नाव. अख्ख्या गावात पेढे वाटलेलेस तू.

रघु : वाटनारच! माझे नातीनं ठेवलेलं नाव. अर्थ कुनाला ठाव होता? काय गो अर्थ त्याचा?

कृतिका : भव्य. बघणाऱ्याचे डोळे दिपले पाहिजेत.

रघु : बघनाऱ्याचे. आन् आत ऱ्हानाऱ्याचं काय?

कृतिका : त्याचं काहीच नाही त्या शब्दात. म्हणून तर दुसरा शोधतेय. 'इम्पोजिंग' आहे, पण त्यात धाक आहे. समोर उभं राहिलं की आपणच बारीक होतो. 'स्टेटली' मला आवडतो.

रघु : मना समजंल असं सांग.

कृतिका : मिठानं भरलेला मचवा खाडीतून जायचा म्हणतोस ना? शीड फुगलेलं, घाई नाही, गडबड नाही, आणि काठावरचा माणूस बघत राहिला पाहिजे. ते स्टेटली.

रघु : वा! मंग ठेव की तेच.

कृतिका : सरांना 'डिग्निटी' हवाय. आब. आता आब काय बिल्डिंगला असतो? तो माणसाला असतो. फाटक्या बनियनमध्येही असतो. कसं समजावू त्यांना?

रघु : आन् आपला शेजारी त्र्यंबक गेला लिफ्टनं, त्याला यातला कंचा शब्द?

कृतिका : आजा, परत तेच नको ना.

रघु : सांग की! मोठी लिफ्ट बंद पडलेली. बारक्या लिफ्टमंदी मानूस आडवा मावं ना. खुर्चीत बसवला त्याला, उपरन्यानं बांधला. मेल्याव बसवला गो! तिसऱ्या माल्याव दार उघडलं, तं ती कुत्रावाली ऑड्री आत आली. तिला वाटलं म्हातारा झोपलाय. "गुड मॉर्निंग, अंकल" बोलली. त्याचा पोरगा हर्षित माझ्यासमोर रडला हे सांगताना.

कृतिका : मला माहितीये रे. ऑड्री आंटी पण रडल्या नंतर.

रघु : मना भ्या वाटतं, पोरी. मरनाचं नाय. त्या खुर्चीचं.

कृतिका : असं नको ना बोलूस.

रघु : आवडाबाईकडं सोड मना. भैनीचं घर हाय, ओटा हाय. गावात मानसाला ओट्याव निजवतात, आंघोल घालतात, सगला गाव पाया पडतो. मंग खांद्याव नेतात. मना तेवढंच पायजे.

कृतिका : बाबा सोडणार आहेत का? "टॉवरमधून बापाला काढला म्हणतील लोक." परवा मी विषय काढला तर ताट सरकवून उठले. गुडघे तरी चालतात का तुझे?

रघु : म्हनून त्या काचेतनं दिवसभर गाड्या बघत बसायचं मी? एक पुढं सरकत नाय, आन् मीबी नाय.

कृतिका : बाविसावा मजलाच पायजे म्हणून हट्ट कोणी केलेला?

रघु : मीच केलेला! वरून गाव दिसंल वाटलेलं. मधी दुसरा टॉवर आला.

(फोन वाजतो. कृतिका तो उलटा करून ठेवते.)

रघु : तुझा सर?

कृतिका : हो.

रघु : त्या नव्या टॉवरात मानूस आडवा मावंल काय लिफ्टमंदी?

कृतिका : ...मी विचारलंच नाही कधी.

रघु : विचार की.

कृतिका : विचारते. "नाव नंतर देते. आधी सांगा, प्रत्येक लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का?" गेला मेसेज. आता नोकरी जाते का राहते, बघू.

रघु : आन् माझं काय?

कृतिका : तुझं... कुठंय तुझी पांढरी टोपी? गोळ्या घे, चष्मा घे. व्हीलचेअर आणते.

रघु : आन् तुझे बापाला, रत्नदीपला, कोन सांगंल?

कृतिका : बाबांना मी सांगते. ओरडतील. मी पण ओरडेन. आज मला कोणाची भीती नाही वाटत. म्हणजे वाटतेय, पण चल.

रघु : थांब, थांब. टोपी नीट बसली काय?

कृतिका : एकदम स्टेटली.

रघु : गपे! बटन दाब.

कृतिका : दाबलं. पाय आत घे, दार लागतंय... अरे देवा, तिसऱ्यावर थांबतेय.

ऑड्री : ओह... कृतिका. अंकल... अंकल बरे आहेत ना गं?

कृतिका : आंटी, या ना आत.

ऑड्री : नको, नको. तुम्ही जा. मी नंतर येते.

रघु : ये गो बाय, घाबरू नको. जिता हाय मी. घरी चाललोय.