ब्याण्णव मीटर

टेलरबाई: पोट आत ओढू नका, सर. पँट शिवायचीय, फोटो काढायचा नाहीये.

सर: मी कुठे ओढलंय? ते असंच आहे.

टेलरबाई: आम्हाला मैदानाला फेऱ्या मारायला लावून स्वतः झाडाखाली शिट्ट्या फुंकत बसायचात, त्याचं हे फळ.

सर: शाळा सोडून सव्वीस वर्षं झाली तुला, पण जीभ आहे तशीच आहे, वावटळ.

टेलरबाई: पाय गेले, जीभ तरी राहू दे. दिवसभर मशीनचं पायडल मारते, पण दुकान काही जागचं हलत नाही.

सर: मी पँटसाठी आलो नाहीये.

टेलरबाई: ते कळलंय मला. कापड न आणता माप द्यायला कोण येतं? बोला.

सर: आपल्या जुन्या ट्रॅकच्या दोन्ही टोकांना मी दगड पुरले होते ना, नव्या सरांनी परवा त्यांच्यामधलं अंतर मोजलं. ब्याण्णव मीटर भरलं.

टेलरबाई: शंभरच्या ट्रॅकचं?

सर: माझ्या टेपचे पहिले दोन मीटर तुटलेले होते. ती चारदा लावून ट्रॅक आखला आणि दर वेळी ते दोन धरायचे राहून गेले.

टेलरबाई: धन्य आहे तुमची. माझ्याकडे काल शिकायला लागलेली मुलगीसुद्धा तुटक्या टेपचा हिशेब ठेवून माप घेते. तुम्ही तर आम्हाला गणित शिकवायचात.

सर: फक्त ऑफ तासाला.

टेलरबाई: म्हणजे शाळेच्या फलकावरचा माझा विक्रम खोटा. तरीच कोणाच्या बापाला मोडता आला नाही. सासूला दर भांडणात ऐकवलाय हो मी तो.

सर: तू गेल्यापासून शर्यती स्टेडियमवर होतात. तिथे शंभर म्हणजे शंभर. पोरी तुझी वेळ गाठायला जिवाचं रान करतात, परवा एक रडत बसली होती. विक्रम पुसावा म्हणतो, पण तुला विचारल्याशिवाय कसा पुसू?

टेलरबाई: थांबा जरा. मी सरावही त्याच ट्रॅकवर करायचे.

सर: हो. चार वर्षं.

टेलरबाई: राज्य स्पर्धेत शेवटी शेवटी माझे पाय आपोआप सैल पडले. चौघी पुढे निघून गेल्या. बाबा म्हणाले, ऐन वेळी कच खाल्लीस. मी बूट देऊन टाकले. पुढे चौकातला मोठा गाळा मिळत होता, तोही सोडला. म्हटलं, आपण शेवटी कच खाणारे.

सर: कच नव्हती ती. ब्याण्णवला थांबायची सवय मीच लावली होती तुझ्या पायांना.

(टेलरबाई स्टुलावर बसते.)

सर: शिव्या दे हवं तर.

टेलरबाई: त्या आहेतच, रांगेत उभ्या आहेत. आधी सांगा, त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?

सर: शेवटच्या रेषेच्या थोडा अलीकडे.

टेलरबाई: मग तिथपर्यंत माझ्या पुढे कोण होतं?

सर: कोणीच नव्हतं.

टेलरबाई: विक्रम पुसून टाका, खुशाल पुसा. आणि आत्ता माझ्याबरोबर घरी चला. बाबांना ऐकू कमी येतं, हे तुम्हाला मोठ्यानं सांगावं लागेल.