नाकाच्या वर

नाही, पण मला सांगा, ओली चादर खांद्यावर, दोन चिमटे हातात आणि एक दातांत धरलेला, अशा वेळी फोन उचलावा तरी कसा माणसानं? उचलला. पलीकडे शुश्रूषागृहाच्या मेट्रनबाई. "ताई, तुमच्या सासूबाई गेल्या हो. पहाटे, झोपेतच." आणि मी काय म्हणाले? "हं." अहो, चिमटा होता ना तोंडात! त्या म्हणाल्या, "ऐकलंत ना?" मी पुन्हा, "हं." काय वाटलं असेल त्यांना... सासू गेली आणि सून नुसती हुंकार देतेय!

एरवी त्या बाईंचं एकच वाक्य. दारात शिरले, "ताई, मास्क नाकाच्या वर!" जिना चढले, धाप लागली, जरा बोटभर खाली घेतला, की वरच्या मजल्यावरून, "नाकाच्या वर!" या बाईला भिंतीपलीकडचं नाक दिसायचं, तुम्हाला सांगते!

तर झालं होतं असं. सासूबाई मोरीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आम्ही दोघं नोकरीवर, घरी उचलायला-बसवायला कोण? म्हणून त्यांना शुश्रूषागृहात ठेवायचं ठरलं. ठरवलं दोघांनी, बोलणी खाल्ली कोणी? मी! गाडीतून उतरताना सासूबाईंनी आपल्या मुलाचा हात धरला आणि मला म्हणाल्या, "टाकलंस ना मला? बरं. पुन्हा तुझं तोंड बघायचं नाही मला!"

पुढच्याच आठवड्यात साथ आली आणि आत जायचं तर मास्क सक्तीचा. आता सांगा, देवानं कधी कुणाचं इतक्या तातडीनं ऐकलंय?

त्यांना कमी ऐकू यायचं. कानात यंत्र, आणि बाकीचं त्या समोरच्याच्या ओठांवरून ओळखायच्या. ओठ गेले मास्कमध्ये. यंत्र? ते त्यांच्या स्वतःच्या मास्कच्या दोरीत अडकून उडालं, चादरींबरोबर धुवायला गेलं आणि स्वच्छ होऊन कायमचं बंद पडलं. पाटीवर लिहून दाखवलं, तर श्वासाच्या वाफेनं चष्मा पांढरा! चष्मा काढला की अक्षर दिसेना, घातला की पाटीच दिसेना.

पहिल्याच दिवशी मला बघून म्हणाल्या, "तू नवीन नर्स का गं?" मी ओरडले, "आई, मी! मी आहे!" मागून मेट्रन, "ओरडू नका ताई, ओरडल्यानं थुंकी उडते. आणि नाकाच्या वर!" सासूबाई म्हणाल्या, "घेतलं बाई औषध, कशाला डोळे वटारतेस?"

मुलाला मात्र बरोबर ओळखलं. कशावरून? कानांवरून! ह्यांचे कान म्हणजे मास्क अडकवायलाच दिलेत देवानं. ह्यांनी खुणा करकरून सांगितलं, की आई, ती नर्स नाही, ती ही! तर म्हणाल्या, "पुरे. बायकोची बाजू घ्यायची सवय नाही जायची तुझी."

मग मी डोकं चालवलं. आत जाताना घालायला द्यायचे त्या एप्रनवर माझा मोठा फोटो टाचणीनं लावून गेले. त्यांनी जवळ घेऊन निरखला आणि म्हणाल्या, "अगं, ही तर माझी सून! फोटो पाठवला वाटतं. स्वतः यायला काय होतं महाराणीला?" आता यावर काय बोलणार? आणि बोलणार कशातून?

शेवटी सोडून दिलं. झाले मी नर्स. केस विंचरायचे, पाठीला तेल लावायचं आणि माझ्यावरच्या तक्रारी मीच ऐकून घ्यायच्या. "सून वाईट नाही गं, पण हाताला फार घाई. नखं कापायला बसली की निम्मं बोट काढते!" मी मान हलवायचे. खरंच होतं हो ते... घरी मी घड्याळाकडे बघत कापायचे.

त्या दिवशी गेले तर शेजारचा पलंग रिकामा. गादी उघडी, वर औषधाच्या पाण्याचा वास. तिथल्या आजींना सकाळी ताप भरला आणि हलवलं होतं. सगळा मजला गप्प. मेट्रनसुद्धा ओरडल्या नाहीत, नुसतं माझ्या नाकाकडे बघितलं. आणि मला वाटायला लागलं, सकाळपासून आपला घसा खवखवतोय का? की भीतीनं खवखवतोय?

सासूबाईंनी पाय पुढे केला. "बघ ना, मोज्यात अडकतात." मी खाली बसले, उजवा पाय मांडीवर घेतला आणि एकेक नख कापलं. सावकाश. घाई न करता. त्या बघत होत्या. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुझ्यासारखी सून मिळायला हवी होती गं मला."

सांगा, काय करायचं माणसानं? हसायचं? दिसलं कुणाला असतं!

हात गेला माझा कानाकडे. दोरीत बोटही अडकवलं. क्षणभराचं काम होतं, खाली ओढायचा, तोंड दाखवायचं, परत वर. कोणी बघत नव्हतं. त्या विचारत होत्या, "पुढच्या वेळी तूच येशील ना? ती काही यायची नाही." आणि माझी नजर गेली त्या उघड्या गादीवर... घसा पुन्हा खवखवला. मी बोट सोडवलं, नाकावरची तार चिमटीत दाबली आणि स्वतःलाच म्हणाले, नाकाच्या वर.

तेवढ्यात मेट्रन, "ताई, वेळ झाली." मी डाव्या पायाकडे बोट दाखवलं, हातानं खूण केली, पुढच्या वेळी. कळलं त्यांना. तेवढं मात्र लगेच कळलं! मोजा स्वतःच वर ओढून घेतला.

फोनवर मेट्रन शेवटी म्हणाल्या, "हृदय थांबलं हो. लागण नव्हती त्यांना. मजल्यावर पुढे कुणालाच झाली नाही." म्हणजे मास्कबद्दल तक्रारीलासुद्धा जागा ठेवली नाही मेट्रनबाईंनी! चिमटा काढला मी तोंडातून. म्हणाले, "बरं झालं."

आता येणारे-जाणारे हळहळतात, शेवटी तोंड दाखवायचं राहिलं म्हणून. असेल. मी ती चादर परत पिळते आणि माझ्या डोक्यात आपलं एकच.

डाव्या पायाची नखं कापायची राहिली.