क्वीन्सटाऊनपर्यंतचं तिकीट

टायटॅनिकच्या शिडीपाशी रांग अडली होती. खाली क्वीन्सटाऊनच्या किनाऱ्याला जाणारी छोटी बोट शिट्टीवर शिट्टी देत होती. जहाजावर प्रवाशांना लेस विकून परत निघालेल्या गोबनेटच्या पुढे एक माणूस आणि त्याची आठेक वर्षांची मुलगी उभी होती. मुलीनं दोन्ही हातांनी कठडा धरला होता.

"मी नाही उतरणार, बाबा."

"डेलिया, तुझं तिकीट इथपर्यंतच आहे. धक्क्यावर आजी थांबलीय."

"साउदॅम्प्टनपासून एक रात्र झोपले ना गुपचूप? अजून सहा रात्री झोपेन."

"काम लागलं की बोलावतो. नाहीतर मीच येतो."

"खोटं! अमेरिकेला गेलेलं कुणी परत येत नाही. म्हणून तर निघायच्या आदल्या रात्री, मेलेल्या माणसाजवळ बसतात तसं, त्याचं जागरण करतात."

"ए, दोर सोडतोय! उतरताय की नाही?" खालून खलाशी ओरडला.

"माझं केलं कुणी जागरण?" बाबानं विचारलं.

"नाही."

"मग? इथं घरी आलो असतो तर आजीनं केलंच असतं. म्हणून मुद्दाम इंग्लंडहूनच चढलो. ज्याचं जागरण झालं नाही, तो परत येतो."

मुलीनं वळून गोबनेटकडे पाहिलं.

"खरं का हो, मावशी?"

गोबनेटनं अमेरिकेला निघालेल्या आपल्या तीन मुलांची जागरणं केली होती.

"खरंय गं. चल, हात दे. पायरी ओली आहे."

डेलियानं एक हात सोडला, मग दुसरा. चार पायऱ्या उतरून ती थांबली.

"बाबा, मी आजीला जागरण करू देणार नाही. कधीच नाही!"

"नको देऊस. खाली बघून उतर."