दात काढू नकोस

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर एक नात आणि गाल सुजलेले तिचे आजोबा बसले होते. आज आजोबांची दाढ काढायची होती.

"आजोबा, कालचं कार्टून भविष्यातलं आहे ना? मग डीव्हीडीवर एवढी धूळ कशी?"

"भविष्यातलंच, पण माझ्या लहानपणीचं."

"त्यातले बाबा दिवसभर एकच बटण दाबतात आणि घरी येऊन 'मेलो, दमलो' म्हणतात!"

"तुझा बाप तरी दुसरं काय करतो?"

"गाडी उडते, तरी ऑफिसला उशीर होतोच. भांडी यंत्र घासतं, तरी आई चिडलेलीच. मग बदललं काय?"

"अगं, त्यांचे दातसुद्धा यंत्रच घासतं. म्हणून तिकडे कुणाची दाढ काढावी लागत नाही. चल, घरी जाऊन पुढचा भाग बघू."

"आजोबा, तुम्ही घाबरलात!"

"छे! सूज उतरलीय माझी."

"मग गालावरचा हात काढा बघू."

"हात राहू दे. तू आधी हसणं थांबव."

"आजोबा, आत या," नर्सबाईंनी हाक मारली, तशी नात आणखीच हसू लागली.

"दात काढू नकोस म्हणतो ना!"

"मला काय सांगता? आत जाऊन डॉक्टरांना सांगा."